इतिहास माझ्याकडे

मुलं घरीच शिकतात म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. यांना मित्र कसे मिळणार, आणि दहावीचं काय? दोन्हींची उत्तरं बायको देते, कारण ती शिकवते. मी इतिहासाचा. विषयांची वाटणी झाली तेव्हा गणित, विज्ञान, भाषा तिने घेतल्या आणि "तुला बोलायला आवडतं" एवढं म्हणून इतिहास माझ्या अंगावर घातला. मी तो पेशवाईची वस्त्रं मिळाल्याच्या थाटात स्वीकारला.

शिकवायचा तो कृतीतून, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. सनावळ्याच पाठ करून घ्यायच्या तर शाळेने काय घोडं मारलं होतं? तेव्हा पोरांनी हात चिखलात घालायचे, हत्यारं घडवायची, दाणे दळायचे. मी खुर्चीत बसून संदर्भ सांगायचे. असा अभ्यासक्रम शोधायला मी बसलो आणि पहिला महिना नुसता शोधण्यातच इतका रमलो की मुलं त्या काळात इतिहासमुक्त होती.

अमेरिकेतल्या घरशाळावाल्यांमध्ये सुसान वाइज बाऊअर यांचं 'द स्टोरी ऑफ द वर्ल्ड' चालतं. ते चार भागांत आहे, आणि सोबत कृतिपुस्तकं. पहिल्याच भागात इजिप्त येतं आणि तिथे कोंबडीची ममी करायची असते. आख्खी कोंबडी मिठासोड्यात घालून, मीठ बदलत, सुकेपर्यंत ठेवायची. खरे इजिप्तवाले देह नेट्रॉनमध्ये चाळीस दिवस सुकवत, सगळा विधी सत्तर दिवसांचा, वगैरे मी जेवताना रंगवून सांगितलं. आई पोळी लाटायची थांबली. "म्हणजे या घरात पहिल्यांदा कोंबडी येणार, आणि तीही खायला नाही?" तिने विचारलं. मी दुधी भोपळ्याची ममी सुचवून पाहिली. त्यावर कोणी बोललंही नाही.

हडप्पाच्या विटा मात्र झाल्या. जाडी, रुंदी, लांबी एकास दोनास चार, हे प्रमाण पक्कं ठेवून गच्चीवर चिखलाच्या विटा वाळत घातल्या. प्रमाणाचा भाग बायकोने गणितात ओढून नेला, सोसायटीच्या सेक्रेटरींनी उरलेला भाग गच्चीवरून खाली आणायला लावला. नगररचनेवर माझं व्याख्यान तयार होतं, ते तसंच राहिलं.

मग एक देशी खोका मागवला. आकर्षक होता. पुठ्ठ्याची तलवार, पुठ्ठ्याची ढाल, जिरेटोप, चिकटवायचं तोरण. दोन्ही पोरांना राजा व्हायचं होतं, त्यामुळे उरलेला वेळ गादीच्या वादात गेला. इथे मात्र मला खरंच राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. असल्या प्रत्येक खोक्यात सिंहासन असतं. सारा भरणारा कोणी नसतो. महाराजांनी गवताच्या काडीलाही हात लावू नका असं लष्कराला बजावलं, हे आपण भाषणात सांगतो, पण ते गवत ज्याचं होतं तो माणूस पुठ्ठ्यात कापून कोणी देत नाही. कारण त्याला कोण विकत घेणार!

तो माणूस सापडला तर जुन्या कागदांतच सापडेल, म्हणून त्या रागातून मी मोडी लिपीकडे वळलो. आता मोडीबद्दल जरा सविस्तर सांगतो. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळावेत, माझ्या घरचे गाळतातच.

मोडीत आधी ओळ आखायची. या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग, आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, हात न उचलता. शब्द तोडायचे नाहीत, विराम नाही, ऱ्हस्वदीर्घाची कटकट नाही. (धाकटीने हे ऐकून बाळबोधीतली सगळी शुद्धलेखनाची वही मोडीत करायची परवानगी मागितली.) बोरू स्वतः तासावा लागतो. टोक तिरपं कापायचं, मधे चीर द्यायची, आणि चीर जरा जास्त गेली की नवा बोरू घ्यायचा. काजळी आणि बाभळीचा डिंक घोटून शाई केली. ओली अक्षरं वाळावीत म्हणून वर बारीक वाळू शिंपडली. ती पुढे आठवडाभर वरणात लागत होती. पण काय सांगू, पहिली ओळ कागदावर धावली तेव्हा मला आपण चिटणीस असल्यासारखं वाटलं. पोरं अजून 'क' वर होती, तेव्हा मी मोडीत सही करायला लागलो होतो. सोसायटीच्या नोटिशीवर, कुरिअरवाल्याच्या कागदावर, शेवटी चेकवर. चेक परत आला.

हेमाद्रीपंताने ही लिपी आणली असं परंपरा सांगते. ते खरं असो नसो, शेकडो वर्षं महाराष्ट्राचा कारभार हिच्यात चालला, आणि छापखान्याला बाळबोध सोयीची पडली तशी ही मागे पडली. पुण्याच्या दफ्तरखान्यात हिच्या कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. इतिहासकार राजवाड्यांनी उन्हातान्हात गावोगाव हिंडून असलेच कागद मिळवले, 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. त्यांच्या पंक्तीला आपणही बसायला हरकत नाही, असं वाटून एका रविवारी मी आमच्या घरचा रुमाल माळ्यावरून खाली काढला.

हा रुमाल म्हणजे आमच्या घराण्याची इभ्रत. त्यात पानिपताची सनद आहे, असं आजोबा सांगत, कारण त्यांचे आजोबा सांगत. मराठी घरात पानिपतावर पडलेला एक तरी पूर्वज असतोच. 14 जानेवारी 1761 ला पडले ते सगळेच आमच्यासारख्यांचे खापरपणजोबा असतील तर नंतरचे वंश कोणी चालवले, हा प्रश्न कोणाला पडत नाही. आमच्याकडे तर पडायचं कारणच नव्हतं, कारण रुमाल कोणाला वाचता येत नव्हता. न वाचता येणारा कागद घराण्याला फार मानवतो.

मोडी शिकवणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांच्या बोटाखाली धाकटी अक्षर अक्षर लावत गेली. पहिला शब्द लागला तो 'कर्जरोखा'. शके 1795, श्रीमुखनाम संवत्सरे. म्हणजे 1873, पानिपताला शंभरावर वर्षं होऊन गेलेली. रुपये पंचवीस, व्याज दरमहा शेकडा दोन. गहाण बैल एक, रंग पांढरा, डावं शिंग मोडकं. रिणकोच्या जागी एका बाईचं नाव आणि धनकोच्या जागी आमचं आडनाव, ठसठशीत.

"सरदार नव्हतो, सावकार होतो," थोरला म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं.

कागदाच्या खाली उजवीकडे एक वेडंवाकडं वर्तुळ होतं. "इथे शून्य का काढलंय?" धाकटीने विचारलं. बाई म्हणाल्या, ते शून्य नाही, बांगडी आहे. लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करायचा, बाईमाणूस बांगडीची. त्या वर्तुळाला एका जागी फट होती. शाई संपली असेल, किंवा हात थांबला असेल. धाकटीने आपली बांगडी काढून त्याच्यावर ठेवून पाहिली.

सावकार निघाला म्हटल्यावर मग सुप्याचा दंगा आलाच. 12 मे 1875, बाजारचा दिवस. सुप्याला लोकांनी सावकारांची घरंदुकानं गाठली आणि वह्या, रोखे बाहेर काढून जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. राग कागदांवर होता, माणसं मारण्याकडे कल फारसा नव्हता. आधी अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला भाव आला होता, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळला, सरकारने सारा वाढवला, आणि सावकाराने हात आखडला. अमेरिका अशी आमच्या अभ्यासक्रमात आली, कोंबडीशिवाय. पुढे 1879 मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

"आपलं गाव भीमाकाठचं. मग आपला कागद कसा राहिला?" थोरल्याने विचारलं. मी म्हटलं, तिथपर्यंत लोक पोचले नसतील. "मग आपण जाळायचा का? कृती म्हणून?" तो अगदी गंभीरपणे विचारत होता. मी कागदाचं ऐतिहासिक मोल, त्या काळची रीत, अडल्यानडल्याला सावकारच उभा राहायचा, असं बरंच बोललो. बोलायला मला आवडतंच. धाकटी मधेच म्हणाली, "पण बाबा, फिटलेला रोखा ज्याचा त्याला परत देतात ना? मग हा आपल्या माळ्यावर का?"

याला माझ्याकडे व्याख्यान नव्हतं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली होती.

कागद जाळलेला नाही. पोरांनी बोरूने त्याची नक्कल केली, खाली बाळबोधीत अर्थ लिहिला आणि पानिपतवीरासाठी मी दिवाणखान्यात राखून ठेवलेल्या जागी ती नक्कल लावली. गणपतीला आलेल्या काकांनी ती वाचली आणि "लोकांसमोर हे कशाला?" म्हणाले. नातेवाइकांत सध्या आमचं तेवढंच नाव आहे.

एक राहिलं. रोख्याच्या पाठीवर फिकट शाईत अर्धी ओळ आहे. थोरला म्हणतो ती 'भरून पावलो' आहे, धाकटीला ते मान्य नाही, आणि बाईंनाही ती नीट लागली नाही. बैल सुटला की नाही, हे त्या अर्ध्या ओळीवर आहे. पुण्यात असाल आणि मोडी चांगली लागत असेल तर एखाद्या रविवारी सकाळी जरूर या. भिंग आमच्याकडे आहे, आई थालीपीठ लावते.