वाऱ्यावरचं पोट

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मुलाचा धंदा एका दमात सांगता आला पाहिजे. मास्तर, तलाठी, कृषी केंद्र, नाहीतर पुण्यात कंपनीत. ‘कंपनीत’ म्हटलं की पुढं कुणी खोलात जात नाही. आता समजा, चिखलीकडच्या एखाद्या पोरानं श्रीलंकेच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग शिकवायचा धंदा मांडला, तर सोयरिकीच्या बैठकीत त्याच्या मामानं काय सांगावं?

“पोरगं काय करते?”

“समुद्रात पतंग उडवते.”

“अन् पोटापाण्याचं?”

“तेच. लोकायले शिकवते, पैसे घेते.”

“वारा नसला तं?”

इथं मामा गप्प. बैठकीतला सगळ्यात शहाणा प्रश्न हाच, आणि विचारणारा कोरडवाहूवालाच असणार. बागायतदाराला तो सुचायचा नाही.

खेळ समजायला सोपा आहे. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्यापासून निघालेल्या वीस-बावीस मीटरच्या दोऱ्या आणि टोकाला सात ते बारा चौरस मीटरचा, हवा भरलेला पतंग. मांजा नाही, काटाकाटी नाही; म्हणजे आमच्या दृष्टीनं पतंगातली निम्मी गंमत आधीच गेली. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये अशा फुगवायच्या पतंगाचं पेटंट घेतलं. पाण्यात पडला तरी तो पुन्हा उचलता येतो, ही त्याची खुबी. पण पतंगाला जुंपायची कल्पना त्याहून जुनी. ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरानं पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट १८२६ सालीच घेतलं होतं. तिकडं टोल घोड्यांच्या हिशेबानं घेत. या गाडीला घोडाच नाही, म्हणून टोलही नाही. इतकी उपयुक्त विद्या महाराष्ट्रात कशी रुजली नाही, याचं नवल वाटतं. असो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला आणि त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. हे एवढं वाक्य मामानं पाठ करून ठेवावं. बैठकीत ऑलिंपिकचं वजन पडतं.

मग हे जिल्ह्यातच का नाही करायचं, असंही कुणीतरी म्हणणारच. खारं पाणी आपल्याकडं आहे की! लोणारचं विवर जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. पण ते अभयारण्य, २०२० पासून रामसर यादीतलं. तिथं फळी घेऊन उतरणाऱ्याच्या स्वागताला आधी वनखातं येईल. शिवाय विवराला चहूबाजूंनी उंच कडा. वारा कडेवरून आत उतरतो तो भोवरे घेत, आणि पतंगाला हवा असतो एकसारखा, सरळ वारा. तसा वारा घाटावर मिळेल, पण तिथं पाणी नाही. खरा समुद्र साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं. तेव्हा पोरगं जिल्ह्याबाहेर गेलं, यात त्याचा काही दोष नाही.

बाहेर जाऊन ते करतं काय, तर कोरडवाहू बापानं शेतीत केलं तेच. आधी भांडवल घालायचं. नव्या पतंगाची किंमत लाखाच्या पुढं, आणि एकानं भागत नाही. हलक्या वाऱ्याला मोठा, जोराच्या वाऱ्याला लहान. ऊन आणि वाळू कापड खातात. आतल्या नळीतून हवा गेली की बादलीत बुडवून बुडबुडे शोधायचे आणि पंक्चर काढायचं. पर्यटक म्हणून येऊन शिकवता येत नाही, त्यासाठी परवाना हवा. एवढं झालं की आभाळाकडं बघत बसायचं. कमाई तासावर, वारा नाही तर तास नाही. आपल्याकडं भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, ढेकळांवरून पावसाचे चार महिने वाचतात. या धंद्यातली मंडळी तीच मांडणी रोज सकाळी मोबाइलवर ‘विंडगुरू’ नावाच्या रंगीत तक्त्यात बघतात. तक्ता चुकला तर शिव्या खाणारे दोन्हीकडं सारखेच.

गंमत पुढंच आहे. श्रीलंकेतल्या कल्पिटियाला मे ते सप्टेंबर वाऱ्याचा हंगाम असतो. हा वारा आपलाच, नैर्ऋत्य मोसमी. पण कल्पिटियाचा पट्टा कोरडा. वारा भरपूर, पाऊस थोडा. म्हणून तिथल्या शाळा भरलेल्या. आपल्याकडं मात्र जूनमध्ये नुसता वारा सुटला आणि ढग तसेच निघून गेले, की सोयाबीनची दुबार पेरणी. बाप बांधावर उभा राहून ज्या वाऱ्याला शिव्या देतो, त्याच वाऱ्यावर पोरगं त्या दिवशी दोन तास जास्तीचे शिकवतं.

शिकवतं म्हणजे काय, तेही बघण्यासारखं आहे. नवशिका कमरभर पाण्यात उभा असतो. पतंगानं पहिला हिसका दिला की तो घाबरतो आणि हातातली आडवी दांडी छातीकडं गच्च ओढून घेतो. दांडी ओढली की पतंगाचा जोर वाढतो. जोर वाढला की तो आणखी ओढतो. शिकवणारा मागून पट्टा धरून ओरडत असतो, “सोड! सोड!” सोडली की पतंग आपोआप नरमतो. त्यातूनही भागलं नाही, तर पट्ट्यापाशी लाल खटका आहे. तो ढकलला की सगळा जोर गेला. विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेल्या पोराला हे सोडण्याचं शास्त्र अवघडच जात असणार. आपल्याकडची सगळी शिकवण धरून ठेवण्याची. जमीन धर, नोकरी धर, सोसायटीचं कर्ज फिटेपर्यंत धीर धर. कोरडवाहू शेतीला लाल खटका कुणी बसवलेला नाही.

तरी गावात म्हणतील, पोरगं वाऱ्यावर सुटलं, बाप बिचारा जमिनीवर पाय रोवून आहे. हिशेब मांडला तर उलटं दिसतं. पोरगं नोंदणीलाच आगाऊ रक्कम घेतं आणि आपला दर आपण ठरवतं. बाप बियाण्याचे पैसे आधी भरतो, चार महिने त्याच वाऱ्याची वाट बघतो आणि मग माल गाडीत घालून खामगावच्या बाजारात दुसऱ्याला विचारतो, “काय भाव देता?”