नवागामचा दगडबघ्या

सुरतेच्या नवागाम-दिंडोली भागात आढळणारा दगडबघ्या मूळचा खान्देशी. बाप जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडून येऊन लूमखात्यात लागला. मुलाने एम्ब्रॉयडरीची मशीनं टाकली. त्यांचा खडखडाट वर्षभर ऐकून त्याला शांततेची ओढ लागते. ही शांतता तो बारा जणांना बरोबर घेऊन शोधतो.

त्याचा हंगाम उत्तरायणाचा. 14 आणि 15 जानेवारीला अख्खी सुरत गच्चीवर पतंग काटत असते, तेव्हा हा रात्रीच्या कच्छ एक्सप्रेसने भुजला पोचतो. ठिकाण ठरलेले: नखत्राणा तालुक्यातला कडिया ध्रो. भूखी नदीने वालुकाश्मात कोरलेली ही घळ 2021 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या 52 ठिकाणांच्या यादीत आली. तेव्हापासून ती बातमी तो दर हिवाळ्यात ग्रुपवर ताजी म्हणून टाकतो.

सॅकमध्ये कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि शेजारच्या गुजराती काकींनी दिलेले थेपले असतात. पाण्याची बाटली एकच, कारण ‘नदीवरच तर चाललोय’. बूट कोरे करकरीत; ते पहिल्या किलोमीटरला चावतात आणि दुसऱ्या किलोमीटरला हातात येतात.

खडकांपाशी पोचल्यावर त्याच्या तीन अवस्था दिसतात. पहिली आकृती शोधण्याची. वाऱ्यापाण्याने झिजलेल्या एकाच सुळक्यात कुणाला गणपती दिसतो, कुणाला उंट, तर कुणाला खात्याचा शेठ. एकमत होते ते शेठवर.

दुसरी अवस्था शास्त्राची. ‘हा सगळा लाव्हारस’ असे तो ठासून सांगतो. वास्तविक वालुकाश्म म्हणजे थरावर थर साचून घट्ट झालेली वाळू. तिचे लाल-पिवळे पट्टे लोहामुळे येतात. पुरातले गोटे भोवऱ्यात गरगर फिरून खडकात रांजणखळगे पाडतात. कुकडी नदीवरचे निघोजचे खळगे असेच झाले, फक्त तिथला खडक बेसाल्टचा. हे गटातल्या एखाद्या कॉलेजातल्या पोराला ठाऊक असते. त्याला फोटो काढायला पिटाळले जाते.

तिसरी अवस्था तुलनेची. दुपारी ऊन चढते, बाटली रिकामी होते, भाकरी सुटतात आणि पहिल्या घासाबरोबर निकाल लागतो: ‘अशा दगड त आपला खान्देशमा बी शेतस, भो!’

दिवसभरातले त्याचे हे एकच विधान शास्त्राच्या जवळ जाते: तिकडचा खडक वेगळा, पण देखावा झिजेनेच घडलेला. धुळे-नंदुरबारच्या टापूत बेसाल्टच्या भेगांमध्ये शिलारस घुसून थिजला. आजूबाजूचा खडक झिजत गेला आणि हे कठीण पट्टे कुणी बांधावेत तशा भिंती होऊन उघडे पडले. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. त्यांचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. एखादी भिंत पन्नास किलोमीटरहूनही लांब जाते.

त्या बघायला कच्छ एक्सप्रेस लागत नाही. नवागामजवळून जाणारी ताप्ती लाईन याच टापूतून जळगावला पोचते. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि लग्नसराईत दगडबघ्या याच लाईनच्या गाडीने गावी जातो. उधना स्टेशनवर जागेसाठी भांडून तो इतका दमलेला असतो, की नवापूर येण्याआधीच त्याचा डोळा लागतो.