मुंबई पाहून राहिलो होतो

1983च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नागपूरच्या रामदासपेठेतून मुंबई पाहायला निघालो. सामानात एक होल्डॉल, एक फिरकीचा तांब्या, दोन सुटकेसा आणि गिरगावच्या मावशीसाठी संत्र्यांची पेटी. बर्थखाली जागा नव्हती, म्हणून रात्रभर त्या पेटीवर माझे पाय होते. सकाळी व्हीटीला उतरलो तेव्हा पायांना संत्र्यांचा वास लागला होता. संत्र्यांना कशाचा लागला असेल, हा विचार मी केला नाही. मावशीनं चाळीतल्या खोलीत पहिलं संत्रं सोलून "काय सुगंध आहे हो, भावोजी!" म्हटलं, तेव्हा मात्र मी हळूच गॅलरीत सटकलो.

बाबा सरकारी बांधकामात ओव्हरसियर. त्यांनी मुंबई बघितली नाही, तपासली. गेटवे ऑफ इंडियासमोर लोक कबुतरांबरोबर फोटो काढून घेत होते. बाबा दगडांचे सांधे पाहत होते. राजा-राणी येऊन गेले 1911 साली आणि त्यांच्या स्वागताची ही कमान पुरी झाली 1924 साली, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या खात्याचंच काम आहे हे," म्हणाले. मग एकदम आपुलकीनं त्यांनी त्या बेसॉल्टवर थाप मारली.

समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चौपाटीवर. आम्ही दोघं भावंडं आ वासून उभी. आईनं हात जोडले. बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आपल्या अंबाझरीला निदान पलीकडचा काठ तरी दिसते."

राणीच्या बागेचा बेत त्यांनी एका वाक्यात उडवला. "महाराजबाग घरापासून चालत आहे. वाघ पाहायला आठशे किलोमीटर कशाला?" तारापोरवाला मत्स्यालयात मात्र नेलं, कारण ते मावशीच्या घरापासून चालत होतं. काचेपलीकडचे मासे गोल गोल फिरत होते आणि काचेअलीकडून रांग पुढं सरकत होती. एक मोठा मासा आमच्याकडे रोखून पाहायला लागला, तर आई त्याला म्हणाली, "काय पाहून राहिला रे?"

हे 'राहिला' आमच्या फार अंगाशी आलं. चर्नी रोडला समोर लोकल उभी. बाबांनी दारातल्या माणसाला विचारलं, "भाऊ, ही चर्चगेटला जाऊन राहिली का?" तो गंभीरपणे म्हणाला, "राहणार नाही. लगेच परत येते." डब्यातली चार माणसं हसली. बाबांना विनोद कळेपर्यंत गाडी सुटली, आणि फलाटावर आम्ही राहून राहिलो.

म्हातारीच्या बुटासमोरचा आमचा फोटो अजून आहे. त्यात बूट आहे, आई आहे, आम्ही दोघं आहोत आणि चौकटीच्या कडेला बाबांचा एक कान आहे. ते माळ्याला हँगिंग गार्डनखालच्या पाण्याच्या टाक्यांबद्दल विचारत होते.

शेवटच्या रात्री मावसभाऊ म्हणाला, "काका, नागपूर फारच लांब हो." बाबांनी त्याला समोर बसवून घेतलं. झिरो माइलचा दगड आमच्याकडे, म्हणजे मोजायला सुरुवात आमच्यापासून. तेव्हा लांब आहे ती मुंबई. नागपूर जागच्या जागी आहे. माझ्या मते, बिनतोड असूनही कोणालाच न पटलेला हा जगातला एकमेव युक्तिवाद असावा.

पुढं बऱ्याच वर्षांनी तोच मावसभाऊ कामासाठी नागपुरात आला आणि म्हणाला, "आता तू मला तुझं नागपूर दाखव." मी छाती काढून निघालो. झिरो माइलला चार घोडे आणि खांब बघायला पाच मिनिटं लागली. "यावरून मुंबई लांब काय?" त्यानं विचारलं. त्याच्या लक्षात होतं! दीक्षाभूमीच्या स्तूपात शिरल्यावर मात्र तो बोलायचा थांबला, घुमटाखाली खूप वेळ मान वर करून उभा राहिला. अजब बंगल्याला, म्हणजे आमच्या वस्तुसंग्रहालयाला, गेलो तर सोमवार. सोमवारी तो बंद असतो हे मला, जन्मापासून नागपुरात असून, फाटकावरच्या पाटीनं सांगितलं. मग तर्रीपोहे खाल्ले. डोळ्यांतलं पाणी पुसत त्यानं सीताबर्डीच्या टेकडीकडे बोट केलं.

"तो किल्ला ना? 1817ची लढाई झाली तो? चल."

"तो लष्कराकडे आहे. एरवी सोडत नाहीत."

"पण तू पाहिला असशील ना?"

मी त्याला आणखी एक प्लेट पोहे मागवले.

गेटवे मी चार वेळा पाहिलाय, म्हातारीचा बूट तीन वेळा. घरापासून दोनेक किलोमीटरवरचा हा किल्ला लोकांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला उघडतात. जानेवारीत थंडी असते, मे महिन्यात विचारूच नका, आणि ऑगस्टात पाऊस. येत्या 26 जानेवारीला जायचं नक्की आहे. त्याआधी तुमच्यापैकी कोणी वर जाऊन आलं असेल, तर तिथं पाहण्यासारखं काय आहे तेवढं मला सांगून ठेवा. मावसभावाचा परवाच फोन आला होता. तो पुन्हा येऊन राहिला आहे.