लोकरमावशी

महाडसारख्या गावात लोकरीला तसं काही काम नाही. उन्हाळ्यात घामाने अंग चिकट, पावसाळ्यात दोरीवरचा साधा पंचा चार दिवस वाळत नाही. तरीही महाड-पोलादपूर पट्ट्यात मूल जन्मलं की बारशाच्या आत त्याच्या अंगावर स्वेटर, डोक्यावर टोपडं आणि पायांत मोजे चढतात. मूल लालबुंद होऊन टाहो फोडतं. "थंडी वाजतेय गं त्याला," असं सांगून वर शालही पांघरणारी जी बाई, ती लोकरमावशी. अशी एक तरी प्रत्येक आळीत असतेच. ती तुमची सख्खी मावशी असण्याची अट नाही.

थंडीचा पुरावा तिच्याकडे तयार असतो. "पोलादपूर सोडलं की आंबेनळी घाट. वर साडेचार हजार फुटांवर महाबळेश्वर. तिथं काय घालशील बाळाला?" बाळाला महाबळेश्वरला नेतंय कोण, हे विचारायची सोय नाही. दुकानातला गुंडाही बहुतेक ॲक्रिलिकचाच असतो, मेंढीचा त्याच्याशी संबंध नाही. मावशीच्या लेखी जे सुईवर चढलं ते लोकर.

तिचा खरा छंद म्हणजे दुसऱ्याची वीण उतरवून घेणं. पोलादपूरच्या एसटीत पुढच्या सीटवर स्वेटर दिसला की ती आधी चष्मा पुसते, मग अनोळखी माणसाची कॉलर सरळ उलटी करते. वीण कळते ती उलट्या बाजूने, असं तिचं म्हणणं. माणूस दचकून वळतो तेव्हा ती "हलू नका हो," म्हणून दटावते. कंडक्टरने "कुठं?" विचारलं तर "अठरा" असं उत्तर येतं, कारण टाके मोजणं चालू असतं.

अठरा हा तिचा लाडका आकडा. लाटांची वीण १८ टाक्यांची आणि ४ ओळींची. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट, चौथी परत सुलट. डोकं चालवायचं ते फक्त तिसरीत: दोन-दोन टाके एकत्र असं तीनदा, मग धागा पुढे घेऊन एक सुलट असं सहादा, पुन्हा दोन-दोन एकत्र तीनदा. सहा टाके घटले, सहा वाढले, हिशेब चोख. दूर उत्तरेच्या शेटलंड बेटांवरच्या बायकाही शालींना हीच वीण घालत आल्या आहेत. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांना कुणी शिकवली?" आपल्याच आळीतून गेली असणार, असा तिचा संशय आहे.

जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा मावशीची विणींची वही चिखलात गेली. जुन्या दिवाळी अंकांतली कात्रणं, मोराचा नमुना, छत्तीस ओळींची द्राक्षांची वेल, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर ती ज्यांना शिकवलं होतं त्यांच्या दारी वसुलीला निघाली. लाटांची वीण पाच घरांतून परत आली. मोर कुणालाच आठवेना. द्राक्षांची वेल एका सुनेला अर्धी येत होती. "दिसायला ती चांगली होती," मावशी म्हणाली, "पण दूध उतू गेलं की चुकणारी वीण संसारात टिकत नाही."

पुण्याच्या भाचीने तिला अमेरिकेतल्या एलिझाबेथ झिमरमन यांच्या बाळजाकिटाबद्दल सांगितलं. १९६८ सालचं ते जाकीट सबंध एका तुकड्यात विणायचं. दोन्ही बाजूंनी सुलटच टाके, विणताना आकार काही कळत नाही, पण घडी घातली की जाकीट तयार. शिवण तेवढी खांद्याला. जगभर बायका ते अजून विणतात. मावशीने विणून पाहिलं, घडी घातली आणि निकाल दिला: "बाई आपल्यातली आहे. शिवायचा कंटाळा तिलाही होता."

विणीच्या टिकाऊपणाचं गुपित एवढंच. सुंदर विणीचं कौतुक होतं. पण टिकते ती बोलता बोलता सांगता येणारी, मध्येच ठेवून उठता येणारी आणि दिसायला मेहनतीची असून करायला सोपी असणारी. तेव्हा पोलादपूरच्या एसटीत बसणार असाल, तर अंगातला स्वेटर सोपा आहे ना ते बघून घ्या. अवघड असला तर मावशी तुम्हाला महाबळेश्वरपर्यंत उतरू देणार नाही.