मेहकरचे वकीलसाहेब

वकिलाच्या लिखाणात काही सुटलेलं चालत नाही. शेताची चतुःसीमा लिहायची तर पूर्वेस कोणाचं वावर, पश्चिमेस कुठला नाला, धुऱ्यावर बाभळी किती, सगळं कागदावर यावं लागतं. एवढं करूनही समोरचा वकील म्हणतोच, की ती बाभूळ नव्हे, लिंब होता! असल्या कागदांत आयुष्य काढलेले ना. घ. देशपांडे महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते ‘शीळ’ या गाण्यामुळे. त्यातली नायिका रानातली शीळ ऐकते, पण शीळ घालणाऱ्याचं नाव नाही, बापाचं नाव नाही. वय, धंदा, राहणार, काही नाही. रान कुठल्या सर्व्हे नंबरातलं, तेही कळत नाही. दाखल करायला नेलं असतं तर कारकुनानं खिडकीतूनच परत केलं असतं.

तरी एक गोष्ट वकिलाला शोभणारी आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात सांगोवांगीला किंमत नव्हती. पण आवाजाबद्दल बोलायचं तर ज्यानं तो स्वतःच्या कानानं ऐकला, त्याची साक्ष चालायची. तेव्हा नायिकेची बाजू भक्कम. शीळ तिनं स्वतः ऐकली आहे, शेजारणीकडून कळलेली नाही.

देशपांडे 1909 चे, जन्म सिंदखेड राजाचा, वकिली मेहकरला. महाराष्ट्रगीत लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरही वकीलच, आणि तेही याच बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव आणि जळगाव जामोदला वकिली केलेले. कापूस विकून पैसा आला की वऱ्हाडात दावे वाढत असावेत आणि दाव्यांमागोमाग कवी, असा माझा एक तर्क आहे. पुरावा मागू नये.

‘शीळ’ गायली जी. एन. जोशींनी. ते पुन्हा एलएल.बी.! म्हणजे शब्द वकिलाचे, गळाही वकिलाचा. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. दोन वकिलांनी मिळून तेवढ्यात आटोपतं घेतल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. मराठी भावगीताचा आरंभ कितीतरी जाणकार इथूनच धरतात. जोशी पुढे वकिली सोडून मुंबईला एचएमव्हीत गेले, बडे गुलाम अली खाँसाहेबांसारख्यांची ध्वनिमुद्रणं त्यांनी केली. देशपांडे मात्र मेहकरातच राहिले.

आणि कवितेलाही त्यांनी कोर्टाचीच चाल लावली. गाणं लोकांच्या तोंडी बसून वीसेक वर्षं झाली, तेव्हा कुठे 1954 मध्ये ‘शीळ’ हा पहिला संग्रह आला. पुढची तारीख 1963, ‘अभिसार’. त्यानंतरची एकदम 1985, ‘खूणगाठी’. बावीस वर्षं म्हटल्यावर दिवाणी दाव्यातला पक्षकारसुद्धा कुरकुरतो. ‘खूणगाठी’चा निकाल मात्र झटपट लागला, 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार. मला वाटतं, वकिलीनं त्यांना ही सवड दिली. चूल कोर्टावर पेटत होती, त्यामुळे कवितेच्या मागे कोणाचा तगादा नव्हता.

खरेदीखताच्या भानगडीत अडकलेल्या एखाद्या अशिलानं बाजारातल्या हॉटेलात ती तबकडी ऐकली असेलच. चहा संपवून, धोतर सावरत तो वकीलसाहेबांच्या ओट्यावर आला असेल. आणि एवढ्या मोठ्या कवीला त्यानं विचारलं असेल, “सायब, तारीख कोन्ती पडली?”