जमेचा काटा

कोल्हापुरात बुलेट चालवणारे पुष्कळ. बुलेटचा अ‍ॅमीटर वाचणारा मात्र गल्लीत एखादाच असतो. आमच्या गल्लीत ते अण्णा. उभी हयात बँकेच्या कॅश काउंटरवर गेली आणि संध्याकाळची रोकड जुळल्याशिवाय ते कधी घरी आले नाहीत. निवृत्त झाल्यावर मोजायला नोटा उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी अँपिअर मोजायला घेतले.

त्यांची बुलेट जुन्या घाटाची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला आणि हेडलाइटच्या डोक्यावर तो छोटा गोल अ‍ॅमीटर. काटा उजवीकडे गेला तर बॅटरीत भर पडते, डावीकडे गेला तर बॅटरी खर्ची पडते. इतरांना ती शोभेची चकती वाटते. अण्णांच्या लेखी उजवी बाजू ‘जमा’, डावी बाजू ‘नावे’.

गाडी सुरू करतानाही त्यांची नजर काट्यावरच. किल्ली फिरवून किक हळूहळू दाबत न्यायची. इग्निशनचे पॉइंट मिटलेले असतात तोवर काटा नावेकडे झुकलेला राहतो, उघडले की मधोमध येतो. तिथे थांबायचं, डिकॉम्प्रेसरची खिट्टी दाबून पिस्टन जरासा पुढे काढायचा, खिट्टी सोडायची आणि मग एकच किक. समोरचा माणूस तेवढ्यात चहा पिऊन येतो. पण अण्णांचं म्हणणं एकच, मागची बाकी शून्यावर आल्याशिवाय नवा व्यवहार करायचा नाही.

खर्चावरही त्यांची करडी नजर. इंडिकेटर लावला की काटा त्याच्या तालावर डुलू लागतो, ते त्यांना पाहवत नाही. म्हणून ते हात दाखवून वळतात. हॉर्नऐवजी ‘ओ पावणं, बाजूला!’ म्हणतात. ब्रेकचा दिवाही पैसे खातो, तेव्हा चौक दिसला की लांबूनच गिअर उतरवत येतात. सिग्नलला तर बघायलाच नको. इंजिन मंद फिरलं की मॅग्नेटची कमाई घटते, इग्निशन कॉइलचा खर्च मात्र चालूच, आणि काटा डावीकडे कलतो. म्हणून लाल दिवा असेपर्यंत अण्णा धाडधाड रेस करत उभे. शेजारच्या स्कूटीवाल्या बाईंना वाटतं, या वयात यांना शर्यत लावायची आहे.

कुणी जुनी बुलेट लावून किल्ली बंद करायला विसरला, तर अण्णा गॅलरीतून ‘किल्लीऽऽ!’ अशी आरोळी ठोकतात की गल्लीतले सगळे आपापले खिसे चाचपतात. कारण पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल, तर कॉइलमधून करंट वाहतच राहतो. कॉइल तापते, बॅटरी उतरते. अण्णांच्या मते ही तिजोरी उघडी टाकून जेवायला जाण्याची तऱ्हा.

परवा एक तरुण बुलेट घेऊन त्यांच्या दारात आला. गाडी आजोबांची, पण आरशासारखी लखलखीत. चासी पावडर कोटिंग केलेली, क्रोम नवं, पुढे साठ वॅटचा हॅलोजन आणि वर दोन फॉगलॅम्प.

‘‘अण्णा, गाडी चार्ज घेईना. नवी बॅटरी घातली. मग रेक्टिफायर बदलला. मिस्त्री म्हणतोय, आता कॉइल प्लेट बदलू.’’

‘‘त्यानं मीटर लावून बघितलं काय?’’

‘‘न्हाई. अनुभव हाय म्हणाला.’’

‘‘मर्दा, रोकड कमी आली म्हणून कुणी तिजोरी बदलतंय व्हय?’’

अण्णांनी मल्टीमीटर काढला. आधी किल्ली बंद ठेवून बॅटरी मोजली : 12.6. ‘‘बॅटरीचा दोष न्हाई.’’ मग गाडी सुरू करून रेस जरा वाढवली : 12.9. किमान पावणेचौदा तरी दिसायला हवे होते. पोराचा चेहरा उतरला, अण्णांचा खुलला. त्यांनी कॉइल प्लेटच्या वायरींचा सॉकेट सोडवला आणि मीटर एसीवर टाकला. रेस वाढेल तसा आकडा चढत गेला. इंजिन बंद करून एकेक वायर बॉडीशी तपासली. कुठेही शॉर्ट नाही. ‘‘कमाई चोख हाय.’’ सॉकेट परत बसवून, गाडी सुरू करून रेक्टिफायरची बाहेर येणारी वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात मोजलं : 14.2.

अण्णा ताठ झाले. नोकरीच्या काळात ते काउंटरवर असे ताठ झाले की शिपाई दार लावून घ्यायचा म्हणतात.

‘‘निघतात 14.2, पोचतात 12.9. एक पूर्णांक तीन व्होल्ट मधल्या मधे कोण खातंय?’’

मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या बॉडीवर. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले नेमके 1.3. आरोपी सापडला. बॅटरीची अर्थिंगची वायर चासीला ज्या बोल्टने आवळली होती, तिच्याखाली झकास, जाड, काळंभोर पावडर कोटिंग होतं. लग रंगावर बसलेला, धातूला कुठेच टेकलेला नाही. जो काही करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांमधून चोरपावलांनी.

अण्णांनी बोल्ट काढला आणि खिशातून चाकू. पोरगा कळवळला. ‘‘अण्णा, सात दिवस लागले ओ कोटिंगला!’’

‘‘रुपयाएवढीच जागा खरवडतोय. गाडी नटवलीस, पण करंटची परतीची वाट बुजवलीस.’’ पांढरा धातू दिसेपर्यंत त्यांनी रंग खरवडला, लग पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला आणि गंज धरू नये म्हणून वरून व्हॅसलिन चोपडलं. गाडी सुरू केली. बॅटरीवर 14.1.

पोरगा पाया पडू लागला, तर अण्णांनी फॉगलॅम्पकडे बोट दाखवलं. ‘‘एकट्या हॅलोजनला पाच अँपिअर जातात. वर हे दोन दिवे. आजोबांच्या पगारावर तुझी हौस भागायची न्हाई. एलईडी लाव, न्हाईतर दिवसा फिर.’’

इतका वेळ उंबऱ्यात उभ्या असलेल्या काकूंनी चहाचा कप पुढे केला. महिन्याचं सामान त्याच आणतात आणि पेट्रोलचे पैसेही त्यांच्याच डब्यातून जातात.

‘‘अहो, कुणाचे व्होल्ट कुठे गेले ते कळलं. पण सिग्नलला उभं राहून रेस करता, त्याचं पेट्रोल कुठल्या खात्यात पडतं?’’

अण्णांनी मीटरच्या वायरी गुंडाळल्या, चहाचा घोट घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, ‘‘ते दुसऱ्या शाखेत येतं.’’