पद्मिनी पुन्हा बोहल्यावर

प्रीमियर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे. गाड्या मात्र बनल्या कुर्ल्यात. आपल्या वाट्याला आली ती वेटिंग लिस्ट. मुंजीत बुक केलेली फियाट, म्हणजेच पद्मिनी, लग्नात मिळाली तरी लोक पेढे वाटायचे. १९८३ ला मारुती आली आणि तीच पद्मिनी ‘डबडं’ ठरली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली, तेव्हा स्टेटसवर सर्वांत मोठ्याने कोण रडलं? ज्यांनी आपली भंगारात घातली, ते. आता प्री-वेडिंगला हीच हवी! क्रोमची जाळी लखलखीत, पण स्टिअरिंगखालचा गियर नवरदेवाला पडेना. मग फोटोग्राफरची पोरं मागून ढकलतात. भाडं ऐकून आजोबा म्हणाले, “एवढ्यात मी अख्खी गाडी विकली की रे!”